वाईट वाटलं की क्रियापद बदलतं

२०२४ ची धनत्रयोदशी होती, २९ ऑक्टोबर. रात्री चकल्यांचा शेवटचा घाणा काढला, तेल गार व्हायला ठेवलं, ओटा पुसला आणि फोन बघितला तर पाऊण वाजता दादाचा मेसेज आलेला, "इकडे पूर आलाय, सासूबाईंचा फोन लागत नाहीये." बास, एवढंच. दादा स्पेनमध्ये असतो, व्हॅलेन्सिया शहरात, वहिनी तिथलीच. आणि वहिनीची आई शहराच्या दक्षिणेला पायपोर्ता म्हणून गाव आहे तिथे राहते, तळमजल्यावर. मी तिला मनातल्या मनात मावशीच म्हणते त्यामुळे इथेही मावशीच लिहिते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा बातम्यांत बघितलं असेल. चिवा नावाच्या गावात आठ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पायपोर्त्यात मात्र फार पाऊस नव्हताच, वरच्या डोंगराकडचं सगळं पाणी एरवी कोरड्या असणाऱ्या नाल्यातून खाली आलं आणि बघता बघता रस्ते, गाड्या, तळमजले सगळं घेऊन गेलं. लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा आला तोच मुळी रात्री आठ वाजून गेल्यावर, तोपर्यंत पाणी घरात शिरलेलं होतं. दोनशेवर माणसं गेली. मावशी वाचल्या कारण वरच्या मजल्यावरची शेजारीण त्यांना हाताला धरून वर घेऊन गेली. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, मधले पंधरा-सोळा तास कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

मला ते जरा जास्तच लागलं त्याचं कारण २६ जुलै. आम्ही तेव्हा कुर्ल्याला राहायचो, तळमजलाच, मिठी नदी जवळ. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा मुंबईत शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, पण आकड्यापेक्षा मला काय आठवतं तर तो चिखल, काळा, चिकट, वास मारणारा, भांड्यांत, पुस्तकांत, बाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये. तो अल्बम आम्ही गच्चीवर वाळवला होता, एकेक फोटो सुटा करून, आणि तरी चेहरे गेलेच. त्यामुळे पायपोर्त्यातली माणसं झाडू आणि फावडी घेऊन चिखल ओढतायत असे फोटो आले ना, तेव्हा मला लगेच मावशींशी बोलायचं होतं. दादामार्फत नाही, स्वतः, त्यांच्या भाषेत.

तोपर्यंत मी वर्षभर दादरला शनिवारी स्पॅनिशच्या क्लासला जात होते. दादाच्या लग्नात मावशी माझा हात हातात घेऊन दहा मिनिटं काहीतरी सांगत होत्या आणि मला फक्त हसता येत होतं, तेव्हाच ठरवलेलं की शिकायचं. तर मी मेसेज लिहिला. "सिएन्तो के सु कासा से आ इनुन्दादो." माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं, "तुमच्या घरात पाणी शिरलं याचं मला वाईट वाटतं". सिएन्तो म्हणजे मला वाईट वाटतं, के म्हणजे की, पुढे घर बुडालं. शब्द सगळे बरोबर, एकही चुकीचा नाही.

मावशींचं उत्तर आलं, "सी, इखा, तोदा." हो गं पोरी, सगळं.

मला वाटलं त्या खचल्यात म्हणून एवढंच लिहिलंय. ते खरंही होतं. पण दोन-तीन आठवड्यांनी वहिनीशी बोलताना तिने अगदी हळुवारपणे सांगितलं की तू जे लिहिलंस ना त्याचा अर्थ वाचताना पटकन असा लागतो की "मला असं वाटतंय की तुमचं घर बुडालंय". म्हणजे जणू मी इथे मुंबईत बसून अंदाज करतेय आणि त्यांना विचारतेय. आणि त्यांनी बिचारीने उत्तर दिलं, हो गं, सगळं.

मला रडू आलं. खरंच आलं. कारण मला जे पोचवायचं होतं तेच नेमकं पोचलं नव्हतं आणि बाकी सगळं पोचलं होतं.

बरोबर वाक्य असं होतं: "सिएन्तो मूचो के से आया इनुन्दादो सु कासा." मूचो म्हणजे फार, ते आणि शब्दांची जागा सोडा, खरा फरक बघा, "आ" च्या जागी "आया", एवढाच. ह्या एका आयामुळे सिएन्तोचा अर्थ "मला असं वाटतं" वरून "मला वाईट वाटतं" वर जातो. सेन्तीर ह्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ आहेत आणि कुठला घ्यायचा ते पुढचं क्रियापद ठरवतं. साधं घेतलंत तर अंदाज, सुबखुन्तीवो घेतलंत तर दुःख. "सिएन्तो के एस्तास एन्फेर्मो", मला वाटतंय तू आजारी आहेस. "सिएन्तो के एस्तेस एन्फेर्मो", तू आजारी आहेस याचं वाईट वाटतं. एस्तास, एस्तेस. आ आणि ए.

आता ज्यांना स्पॅनिश येत नाही त्यांच्यासाठी पटकन, सुबखुन्तीवो म्हणजे क्रियापदाची एक वेगळी रूपावली. बनवायला तशी सोपी, 'मी' चं वर्तमानकाळाचं रूप घ्यायचं, शेवटचा ओ काढायचा आणि उलटा स्वर लावायचा, म्हणजे ज्यांना एरवी आ लागतो त्या आर-वाल्यांना (शेवटी आर असलेल्या क्रियापदांना) ए, आणि एर-ईर-वाल्यांना आ. आब्लार (बोलणे) चं आब्ले, कोमेर (खाणे) चं कोमा, वीवीर (जगणे) चं वीवा. (गोव्याच्या कार्निव्हलमध्ये ओरडतात ते वीवा हेच की, पोर्तुगीजमध्येही तेच रूप आहे, चिरायु होवो असं.) तेंगो वरून तेंगा, कोनोथ्को वरून कोनोथ्का. मग पाच-सहा आडमुठी आहेत ती पाठच करायची, सेआ, एस्ते, वाया, आया, सेपा, दे. रूपं पाठ करायला मला पंधरा दिवस लागले, लोकलमध्ये उभ्या उभ्या. रूपं हा प्रश्नच नाहीये. प्रश्न आहे तो वापरायचं कधी, आणि त्याहून मोठा, का.

क्लासमध्ये आम्हाला शिकवलेलं की सुबखुन्तीवो तीन ठिकाणी येतो, इच्छा, शंका आणि भावना. मॅडमनी फळ्यावर तीन गोल काढले होते. इच्छा मला कळली, अजून घडलेलं नाही ना, मग वेगळं रूप, ठीक. शंका पण कळली, खात्री नाही, मग वेगळं रूप. पण भावना? घर बुडालं ही घडलेली गोष्ट आहे, त्याच्यात शंका कसली, फोटो आहेत, चिखल आहे. "मे आलेग्रो दे के एस्तेन ब्येन", तुम्ही सुखरूप आहात याचा आनंद आहे, अहो आहेतच ना सुखरूप, मग एस्तान का नाही म्हणायचं? मी हे विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की भावना आली की सुबखुन्तीवो, नियम आहे, पाठ करा. नेटवर बघितलं तर तिथे सगळीकडे लिहिलेलं की सुबखुन्तीवो म्हणजे अनिश्चितता, खरं नसलेलं, काल्पनिक. मग तर अजूनच गोंधळ, कारण माझ्या डोक्यात असं बसलं की मी मावशींना आया लिहिलं तर त्यांच्या दुःखावरच मी शंका घेतेय की काय.

माझ्या मते ही अनिश्चिततेची व्याख्या सगळ्यात जास्त नुकसान करते, निदान आपल्यासारख्यांचं तरी. कारण आपल्याला ह्याचं उत्तर आधीच माहीत असतं, आपल्या भाषेत.

मला ते लेडीज डब्यात मिळालं. संध्याकाळची कल्याण स्लो, परळहून चढले होते, दादर गेलं होतं, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. माझ्या कानाशी एक काकू फोनवर बोलत होत्या, मोठ्याने, कारण रेंज जात होती. त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, साखरपुडासुद्धा उरकला होता आणि ह्यांना तिसऱ्याकडून कळलं होतं. त्या म्हणत होत्या, "सख्ख्या बहिणीनं मला कळवू नये? मी काय परकी आहे? आणि वर आईनं मलाच समजून घे म्हणावं?"

कळवू नये. म्हणावं.

आता बघा. बहिणीने कळवलं नाही, ही घडून गेलेली गोष्ट आहे, शंभर टक्के. आईने समजून घे म्हटलं, तेही म्हणून झालंय. काकूंना त्यात तसूभर शंका नाही. तरी त्या "कळवलं नाही" म्हणाल्या नाहीत, "कळवू नये" म्हणाल्या. "म्हटलं" नाही, "म्हणावं". कारण त्या बातमी देत नव्हत्या. बातमी फोनच्या पलीकडच्या बाईला माहीतच होती. त्या सांगत होत्या ते दुखणं, आणि घडलेली गोष्ट फक्त त्या दुखण्याचं कारण म्हणून वाक्यात आली होती, आणि तशी येताना तिने आपला सरळ भूतकाळ उतरवून ठेवला.

कुर्ला येईपर्यंत मी नुसती हीच वाक्यं मनात बनवत होते. "पोटच्या पोरानं असं वागावं!" वागलाय तो. "इतक्या हुशार मुलीनं शिक्षण सोडावं याचं फार वाईट वाटतं." सोडलंय तिने. "एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासारखीला नावानिशी ओळखावं, मला भरून आलं." ओळखलंय. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो आठवतंय का, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, आणि विध्यर्थ म्हणजे कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असं काहीतरी पाठ केलं होतं, "मुलांनी अभ्यास करावा" हे उदाहरण. भावनेचा विध्यर्थ माझ्या आठवणीत तरी कुणी शिकवला नाही, कारण शिकवायची गरजच नाही, तो घराघरात भांडणांत आणि रडण्यात आपोआप येतो.

आणि सिएन्तोचं कोडं तर आपल्या 'वाटणे' मध्ये जसंच्या तसं आहे. "मला वाटतं तो येईल." अंदाज. "मला वाटतं त्यानं यावं." ओढ. वाटतं तेच, पुढचं क्रियापद बदललं आणि वाक्य डोक्यातून काळजात गेलं. आपण जन्मापासून हे करतोय. मॅडमनी फळ्यावर तीन गोल काढण्याऐवजी ही दोन वाक्यं लिहिली असती तर मला वाटतं अख्ख्या वर्गाला पाच मिनिटांत कळलं असतं.

म्हणून आता मी हे असं समजते. साधं रूप म्हणजे मी तुला काहीतरी सांगतेय, हे असं आहे, नोंद घे. सुबखुन्तीवो म्हणजे मी ते सांगत नाहीये, ते मधे ठेवलंय, आपल्या दोघांनाही माहीत असेल किंवा नसेल, मी त्याच्याकडे बघून मला काय होतंय ते सांगतेय. मावशींना त्यांचं घर बुडालं ही बातमी द्यायची मला गरज नव्हती ना. म्हणून आया.

सगळं जुळत नाही, तेही सांगते, नाहीतर तुम्ही मराठीवरून सरळ भाषांतर कराल आणि फसाल. आपण आनंदाला हे रूप फारसं लावत नाही. "तू आलास याचा आनंद झाला" किंवा "तू आल्याचा आनंद झाला" म्हणतो, "तू यावंस याचा आनंद" कोणी म्हणत नाही. आपलं -ावं जास्त करून धक्का, तक्रार, हळहळ, आश्चर्य, भरून येणं अशा ठिकाणी. स्पॅनिशमध्ये मात्र भेदभाव नाही, सुख असो दुःख असो, भीती, राग, लाज, अभिमान, कंटाळा, सगळ्यांनंतर सुबखुन्तीवो. मे आलेग्रो दे के, मे दा पेना के, मे दा राबिया के, तेंगो मिएदो दे के, मे मोलेस्ता के, मे सोर्प्रेन्दे के, मे एन्कान्ता के, एस्तोय ओर्गुयोसा दे के. ह्यातलं 'मे दा' मला फार आवडतं, मे दा पेना म्हणजे शब्दशः "मला वाईट देतं", आणि आपल्यासारखंच इथे माणूस कर्ता नसतोच, वाईट मला वाटतं, राग मला येतो, भावना बाहेरून येऊन आपल्यावर बसते. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे उलटं वाक्य बोचतं, आपल्याला घरच्यासारखं.

एक गोष्ट मात्र जपा. ज्याला भावना होतेय आणि ज्याच्याबद्दल होतेय ती माणसं दोन वेगळी असतील तरच के आणि सुबखुन्तीवो. माणूस एकच असेल तर नुसतं मूळ क्रियापद. "मे आलेग्रो दे के एस्तेन ब्येन" म्हणजे तुम्ही सुखरूप आहात याचा मला आनंद. "मे आलेग्रो दे एस्तार ब्येन" म्हणजे मी सुखरूप आहे याचा मला आनंद. त्या पुराच्या दिवसांत माझ्या पहिल्या खरड्यात मी हे दुसरं लिहिलं होतं, घाईत, के गाळून, आणि पाठवायच्या आधी कसं कोण जाणे खोडलं. घरदार बुडालेल्या बाईला "मी बरी आहे याचा मला आनंद आहे" असा मेसेज गेला असता ह्या विचारानं मला आजही धस्स होतं.

आणि काही शब्द भावनेचे असून साधं रूपच घेतात, ते माहीत असलेले बरे. मेनोस माल के, म्हणजे बरं झालं बाई, थोडक्यात निभावलं, ह्याच्यानंतर साधंच, "मेनोस माल के एस्तान ब्येन". तसंच पोर्के, म्हणजे कारण, "एस्तोय कोन्तेन्ता पोर्के एस्तास आकी", मी खूश आहे कारण तू इथे आहेस, कारण सांगताना तुम्ही ती गोष्ट खरोखर सांगताच आहात ना, मग साधं. हे दोन वापरून मी सुरुवातीला बरेच दिवस काढले, सुबखुन्तीवो जमत नसला तर वाक्य वळवून पोर्के घालायचं, कोणी अडवत नाही. मेक्सिकोकडचे लोक के ब्वेनो के नंतरही साधं रूप सर्रास वापरतात, "के ब्वेनो के विनिस्ते", बरं झालं तू आलीस, त्यामुळे मालिका बघून शिकणाऱ्यांनो, गोंधळू नका, ते चुकत नाहीयेत, तिकडे तसंच बोलतात.

भीतीबद्दल वेगळं सांगायला हवं. तेंगो मिएदो दे के वुएल्वा आ योवेर. परत पाऊस येईल अशी भीती वाटते. हे वाक्य मावशींनी मला त्या नोव्हेंबरात कितीदा लिहिलं असेल. आभाळ भरलं की लिहायच्या. तोपर्यंत लांबून लांबून माणसं येऊन त्यांची गल्ली साफ करून गेली होती, शहराकडून तरुण पोरं पूल ओलांडून चालत आली होती झाडू खांद्यावर टाकून, मावशींच्या स्वयंपाकघरातला चिखल अनोळखी कॉलेजच्या मुलींनी काढला. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही असंच झालं होतं, २६ जुलैला हायवेवर अडकलेल्यांना लोकांनी चहा-बिस्किटं दिली, अनोळखी माणसांना घरात झोपायला घेतलं, आणि आम्हीसुद्धा पुढची कितीतरी वर्षं जुलैचा पाऊस जरा लांबला की सामान पलंगावर चढवायचो. हे मी मोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिलं, काळ चुकले असतील. पण "मे दा मिएदो के" नंतरचं क्रियापद मी प्रत्येक वेळी थांबून तपासलं.

ओखाला हा शब्द त्यांच्याकडूनच शिकले. "ओखाला नो युएवा मास." आता आणखी न पडो. ओखाला हा अरबीतून आलेला, अल्लाची इच्छा असती तर अशा अर्थाच्या शब्दांतून. स्पेनमध्ये अरबी बोलणारे राजे सातशेहून जास्त वर्षं होते, ७११ पासून १४९२ पर्यंत, ते गेले आणि हा शब्द राहिला, आणि आता चर्चमध्ये मेणबत्ती लावणारी मावशी तो दिवसातून दहादा म्हणते. मला लगेच आमचे कुर्ल्याचे खालचे चाचा आठवले, पाणी ओसरेल का विचारलं की इन्शाल्ला म्हणायचे. ओखालाच्या पुढे कायम सुबखुन्तीवोच, अपवाद नाही. आपल्याकडे ह्याला जुळणारं रूप म्हणजे होवो, येवो, जावो. शाळेत प्रार्थनेला पसायदान म्हटलंय ना, त्यातली क्रियापदं आठवा फक्त, सांडो, वाढो, पडो, जावो, पाहो, लाहो, जवळजवळ सगळं मागणं ह्या एका ओकारावर उभं आहे. त्यामुळे मला स्पॅनिश माणसं रोज उठता बसता "के देस्कान्सेस", "के ते मेहोरेस", "के ते वाया ब्येन" म्हणतात त्याचं अप्रूप वाटलं नाही, आपली आजीच बोलतेय असं वाटलं. विसावा मिळो, बरं वाटो, तुझं भलं होवो. आपण हल्ली हे बोलायचं कमी केलंय, टेक केअर म्हणून फोन ठेवतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

यंदा फेब्रुवारीत मावशी मुंबईला आल्या. पहिल्यांदाच. दादा-वहिनी सोबत होते पण मी एक दिवस मुद्दाम एकटीने त्यांच्यासोबत काढला, सकाळी दादरचं फूल मार्केट, मग आमच्या घरी जेवण. बटाट्याची भाजी केली होती, बटाटा म्हटल्यावर त्यांना कोण आनंद, त्यांचा पाताता आणि आपला बटाटा, आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला ना. जेवल्यावर त्या भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. हा फोटो नंतरचा, जुने अल्बम तर गेलेच. बराच वेळ बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "मे दा मूचा पेना के तु पाद्रे नो एस्ते." तुझे बाबा नाहीत याचं फार वाईट वाटतं. एस्ते. बाबा नाहीत ही बातमी आम्हाला दोघींनाही माहीत होती, त्यांनी ती मला सांगितली नाही, ती अलगद मधे ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला जे म्हणायचं होतं त्याला भूतकाळाचा सुबखुन्तीवो लागतो, तो मी तेव्हा नुकताच शिकले होते. आनंद आत्ताचा असेल आणि गोष्ट होऊन गेलेली असेल तर आया लावून, "मे आलेग्रो दे के आयास वेनीदो", तू आलीस याचा आनंद आहे. पण भावनाच मागची असेल, किंवा राहूनच गेलेलं काही असेल, तर पुढचं क्रियापदही मागे जातं, विनिएरा, एस्तुविएरा, कोनोथिएरा. 'त्यांनी केलं' ह्या भूतकाळाच्या रूपातून ते काढतात, विनिएरोन वरून विनिएरा. मी सावकाश, एकेक शब्द जोडत म्हटलं, "मे उबिएरा गुस्तादो के मि पाद्रे ते कोनोथिएरा." बाबांची नि तुमची भेट व्हायला हवी होती. खरं तर एवढ्या मोठ्या बाईला मी 'ते', म्हणजे स्पॅनिशमधलं 'तुला', म्हणावं हे माझ्या जिभेला अजून जड जातं, सुरुवातीला मी त्यांना उस्तेदच म्हणायचे, आपलं तुम्ही, पण पुरानंतर त्यांनीच सांगितलं की आता तू म्हण, घरच्या माणसाला कोणी उस्तेद म्हणतं का.

त्यांनी माझं वाक्य ऐकलं, काही दुरुस्त केलं नाही. त्या दुरुस्त करतात एरवी, प्रेमाने पण लगेच.

जूनपासून इथे आपला नेहमीचा पाऊस. गेल्या आठवड्यात रेड अलर्ट होता, शाळांना सुट्टी, हिंदमाता, सायन, किंग्ज सर्कल भरलेलं, गाड्या उशिराने. आम्ही आता कुर्ल्याला नाही, चौथ्या मजल्यावर असतो, भांडुपला. सकाळी साडेदहाला, म्हणजे त्यांच्याकडे सात वाजता, मावशींचा मेसेज. टीव्हीवर मुंबई दाखवली होती. "इखा, तेंगो मिएदो दे के से ओस इनुन्दे ला कासा." पोरी, तुमच्या घरात पाणी शिरेल अशी भीती वाटतेय.

इनुन्दे. मी तो शब्द बघत बसले, ज्या क्रियापदाने मी चुकले होते तेच. मग खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला, गुडघाभरही पाणी नव्हतं, तो पाठवला आणि खाली लिहिलं, "नो ते प्रेओकुपेस, एस्तामोस ब्येन. मे आलेग्रा मूचो के प्रेगुन्तेस."

काळजी करू नकोस, आम्ही ठीक आहोत. तू विचारतेस याचा खूप आनंद होतो.